हळदीवर आलेला आळ

भिवंडीतल्या माझ्या दवाखान्यात पेशंटनं आधी पिशवी उपडी करायची आणि मग बाही वर करायची, हा नियम मी पहिल्याच वर्षी केला आणि शेवटपर्यंत मोडला नाही. पिशवीतून ट्यूब पडायच्या. अर्ध्या पिळलेल्या, शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या, झाकणं हरवलेल्या.

"ही कुणी दिली?"

"मेडिकलवाल्यानं."

"तुमचा हात बघून?"

"नाही, शेजारी वापरतो ती मागितली."

शेजाऱ्याला जे झालं तेच आपल्याला झालं असणार, एवढ्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं अंगाला काहीबाही चोपडत असायची. मला राग यायचा आणि मी तो लपवायची नाही. "मॅडम औषध चांगलं देतात, पण बोलतात फार," अशी माझी ख्याती निजामपुऱ्यापासून शेलारपर्यंत पसरली होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

मी त्वचारोगांची डॉक्टर. मूळची सांगलीकडची, लग्नामुळे या बाजूला आले आणि निजामपुऱ्याच्या तोंडाशी एका पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटला. खाली, मागे, शेजारी सगळीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग. त्या खडखडाटात पेशंटशी ओरडून बोलावं लागे. लाइट गेली की लूम थांबत, आणि आम्ही दोघंही एकदम खालच्या आवाजात बोलायला लागत असू, जणू काही गुपित सांगतोय. दोन हजार सालानंतरच्या त्या काळात लाइट इतकी जायची की माझी निम्मी गुपितं तिथेच बोलून झाली.

माझ्याकडे सगळ्यांत जास्त पेशंट यायचे ते इसबाचे. इसब म्हणजे एक्झिमा. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर आपली कातडी ही अंगाभोवतीची भिंत आहे. कुणाची भिंत जन्मतःच विरविरीत असते, कुणाच्या भिंतीला एखादी विशिष्ट वस्तू सोसत नाही. मग तिथे लाली येते, बारीक फोड येतात, पाणी सुटतं, आणि खाज तर अशी की माणूस झोपेतही खाजवत राहतो. इसब संसर्गानं होत नाही, घाणीनं होत नाही, 'रक्त बिघडल्यानं' तर मुळीच होत नाही. पण आमच्या गल्लीत जे जे खाजतं ते सगळं एकच. हिंदी बोलणारे त्याला 'दाद' म्हणायचे, मराठी बोलणारे 'नायटा', आणि औषध सगळ्यांचं तेच, शेजाऱ्याची ट्यूब. नायट्याचं औषध इसबाला लावून काही होत नाही. इसबाचं कडक मलम नायट्याला लावलं तर चार दिवस बरं वाटतं आणि मग तो अंगभर पसरतो. त्यामुळे माझं निम्मं काम औषध देण्याचं नव्हतंच. खाजेला तिचं खरं नाव देण्याचं होतं.

एक लूम कारागीर दोन्ही तळहात भेगाळून आला होता. ड्युटी संपली की तेलकट हात रॉकेलनं धुवायचा. "मॅडम, हाथ तो साफ होना चाहिए ना, रोटी खानी है." त्याला सांगितलं, आधी खोबरेल तेल चोळ, कपड्यानं पुस, मग साधा साबण लाव, आणि झोपताना हे मलम. महिन्याभरानं तो आला आणि माझ्याआधी बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना आपले तळहात दाखवून मोकळा झाला. अशा दिवशी घरी जाताना मी स्वतःशीच हसत असे.

पण सगळे असे नव्हते. "मुळापासून जाईल ना?" असं विचारलं की मी खरं सांगायची, की हा आटोक्यात राहतो, कायमचा जाईलच असा शब्द मी देऊ शकत नाही. तेवढं ऐकून कित्येक जण उठून गेले ते परत आले नाहीत. शब्द देणारे पुष्कळ होते, आणि त्यांचे बोर्ड माझ्यापेक्षा मोठे होते. त्या उठून गेलेल्यांची मला अजून रुखरुख लागते. खरं तेच, पण थोडं गोड करून सांगता आलं असतं.

ज्या बाईबद्दल मला लिहायचं आहे ती मात्र उठून गेली नाही. उलट मीच तिच्यामागे मांडवापर्यंत गेले.

चांगुणाबाय अंजूर गावची. साठीच्या अलीकडची, काळीसावळी, उंच. सून वंदना तिचा हात धरून जिना चढवत होती, कारण चांगुणाबायला दिसत नव्हतं. डोळे इतके सुजले होते की दोन बारीक फटी तेवढ्या उरल्या होत्या. गळा लाल, कानांच्या मागे खपल्या, कोपराच्या आतल्या घडीत ओरखडे.

"डाक्टरीन बाय, सकालपासना डोले उघरतच नाय बघ," ती स्टुलावर बसत म्हणाली. आगरी बायका कुणालाही 'तू'च म्हणतात. मला पहिल्या वर्षी ते टोचलं, नंतर 'तुम्ही' म्हणणारेच परके वाटायला लागले.

"मावशी, हे कधीपासून?"

"दोन-तीन वर्सा झाली. लगीन झालं का दुसरे दिवशी ह्यो असा."

"कुणाचं लग्न?"

वंदना म्हणाली, "कुणाचंही. त्या धवलारीण आहेत ना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी लोकांच्या लग्नात भटजीच्या आधीपासून मान असतो तो धवलारणीचा. मांडव पडल्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवळे म्हणतात, आणि ते तिला तोंडपाठ असतं. नवरीला हळद लावायची ती तिच्या गाण्यावर, आणि पहिला हात तिचा. चांगुणाबाय खाडीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत लग्नं लावत आली होती. आणि आता प्रत्येक हळदीनंतर तिचा चेहरा सुजत होता. लोकांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला होता. हळदच हिला नाकारते म्हणतात. मग हिचा हात नवरीला कशाला?

आमंत्रणं कमी होत गेली होती, तरी तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. पण आता वंदनाच्या मुलीचं, म्हणजे चांगुणाबायच्या सख्ख्या नातीचं लग्न शेलार गावच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाची आई यमुनाबाई, तिनं निरोप धाडला होता की आजीनं लग्नाला यावं, मानानं बसावं, पण आमच्या घरून येणारी उष्टी हळद तिच्या हातानं पोरीला लागायला नको. दुसरी धवलारीण बोलवा.

"मना एकच सांग," चांगुणाबाय म्हणाली. "हलद सोरायची, का नाय? सोरायची असंल तं तसं बोल. पन माजे नातीची हलद दुसरीनं लावली तं मी त्या मांडवान पाय ठेवनार नाय."

वंदना दुसरीकडे बघत डोळे पुसत होती.

मी चांगुणाबायचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या हातांनी आयुष्यभर हळद कालवली ते हात स्वच्छ होते. बोटांच्या बेचक्याही स्वच्छ. आणि पापण्या, गळा, कानामागच्या जागा, जिथे हळदीचा संबंध सगळ्यांत कमी, त्या पेटलेल्या. असं दिसलं की आम्ही हवेतून येणाऱ्या गोष्टीचा संशय घेतो. पण तळहाताची कातडी जाड असते, ती बराच वेळ काही दाखवत नाही. म्हणजे हळद निर्दोष आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. शिवाय नुसत्या माझ्या अटकळीवर यमुनाबाईनं विश्वास का ठेवावा?

यासाठी पॅच टेस्ट असते. चिकटपट्टीवर बारीक वाट्या असतात, प्रत्येकीत एकेका संशयिताचा कण, आणि ती पट्टी पाठीवर चिकटवायची. दोन दिवसांनी काढून पाहायचं, मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा. ज्या वस्तूचं वावडं त्या जागी लाली आणि फोड. दिसायला पोरखेळ, पण इसबात याहून खरा साक्षीदार नाही. आधी मी तिच्या सगळ्या ट्यूब बंद केल्या, सौम्य मलम आणि व्हॅसलिन देऊन सूज बरीच उतरवली. मग तयार संचातल्या वस्तूंच्या जोडीला तिच्या घरची कुटलेली हळद, कुंकू आणि तांदळाचं पीठ पाठीवर चढवलं आणि अट सांगितली की पाठीला पाणी लागता कामा नये, आणि घाम तर मुळीच येता कामा नये.

वंदना हसायलाच लागली. होळी जवळ आलेली, दिवसातून तीनदा लाइट जाते, आणि घाम नको!

यावर तोड काढली चांगुणाबायच्या मुलानं. घरची शेती मातीची भरणी टाकून गोदामांना दिलेली होती, आणि एका गोदामाच्या ऑफिसात एसी होता, जनरेटरसकट. तिथे आईला नेऊन बसवलं. दोन दिवस ती फिरत्या खुर्चीवर पाठ न टेकता बसून होती. माल उतरवायला आलेले ड्रायव्हर दारातूनच विचारायचे, "ये मौसी कौन है, नई मालकिन है क्या?" दुपारी तिनं गुणगुणायला सुरुवात केली तेव्हा कारकुनाचा हिशेब दोनदा चुकला, असं वंदना सांगत होती.

पट्टी काढायला आली तेव्हा चांगुणाबायचे डोळे पूर्ण उघडे होते. बाहेरच्या वाऱ्यापासून दोन दिवस लांब, आणि डोळे उघडे! मला तेव्हाच अर्धा सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटला, पण मी तो गिळला.

"पक्का निकाल परवा," मी म्हटलं. "तेव्हा तुमच्या विहीणबाईंना सोबत आणता का? मावशींची हरकत नसेल तर."

"आन ना, सगल्या शेलारला आन," चांगुणाबाय म्हणाली. "पाठच तं दावायची हाय."

यमुनाबाई आली. ठेंगणी, करारी, खुर्चीच्या अगदी कडेला बसणारी बाई. तिनं माझ्याकडे पाहिलं ते बाजारात ताजी म्हणून दाखवलेल्या मासळीकडे पाहावं तसं. चांगुणाबाय पाठमोरी बसली. मी पेनानं केलेल्या खुणा एकेक करून दाखवत गेले. हे कुंकू, काही नाही. हे तांदळाचं पीठ, काही नाही. ही हळद.

यमुनाबाई वाकली. "पिवलं दिसतंय की."

"तो रंग आहे. बोट फिरवून बघा. फोड लागतोय? सूज आहे?"

तिनं खरंच बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. "नाय."

"आता हे बघा." संचातल्या एका जागी रुपयाएवढी लाल गादी उठली होती, वर बारीक फोड. "हे गाजर गवत."

गाजर गवत या भागात कुणाला सांगावं लागत नाही. भरणी टाकून पडून राहिलेली जमीन, गोदामांच्या टाक्यांचं गळतं पाणी, कुंपणं, रस्त्याच्या कडा, जिथे बघावं तिथे ते हिरवं, बारीक पांढऱ्या फुलांचं माजलेलं. त्याची धूळ आणि पराग वाऱ्यावर उडतात आणि ज्यांना सोसत नाहीत त्यांच्या पापण्यांवर, गळ्यावर जाऊन बसतात. मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. खटला जिंकलाच होता की.

यमुनाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गवत तं बाराही महिने हाय. मंग ही सुजतंय ती लग्नाचेच टायमाला कशी?"

चांगुणाबायनं पोलक्याची बटणं लावली, कुणाकडेही न बघता. यमुनाबाई उठली आणि दारातून म्हणाली, "मना काय तिचा वाइट नाय करायचा. पन पोरगी माजे घरान येनार हाय." त्या दिवशी मी पुढच्या पेशंटवर विनाकारण ओरडले.

प्रश्न बिनतोड होता, म्हणून तो मला सोडेना. शेवटी मी चांगुणाबायला विचारलं, तुला अजून बोलावणारं एखादं घर आहे का? होतं, अंजूरमधलंच, येत्या रविवारी. मी म्हटलं, मी येते. हळद सुरू व्हायच्या आधी मला नुसता मांडव बघू दे.

दुपारी पोचले तेव्हा मांडवात खुर्च्या उतरत होत्या. दारात भलीमोठी स्वागताची कमान उभी होती, हिरव्यागार पानांत नाजूक पांढरी फुलं खच्चून भरलेली, मध्येमध्ये चार गुलाब. तशीच भरण स्टेजच्या तिन्ही बाजूंना. आणि स्टेजच्या कडेला जिथे धवलारणीची सतरंजी अंथरली होती तिथे एक उंच पंखा, कमानीकडून थेट तिच्या तोंडावर वारा फेकणारा.

मी जवळ गेले. पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. मग डेकोरेशनवाल्याला हाक मारली.

"ही पांढरी फुलं कुठून आणता?"

"गोदामांच्या मागनं कापतो मॅडम," तो खुशीत म्हणाला. "फुकट. नुसते गुलाब भरले तर पार्टीला परवडणार आहे का? लांबून बघा ना, काय लुक येतो!"

लुक खरोखर छान होता. गाजर गवताची कमान मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

चांगुणाबाय माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, तिला मी हाताला धरून पाच पावलं मागे ओढलं. "मावशी, पूर्वी मांडवाला काय लावायचे?"

"आंब्याचं टाहाल, उंबराची फांदी, केलीचं खांब. दुसरा काय?"

"आणि या कमानी कधीपासून?"

ती बोलायला लागली आणि अर्ध्यात थांबली. कमानीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. "दोन-तीन वर्सा," ती हळूच म्हणाली. मग एकदम मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगो बाय, ही हलद नव्हं! ह्यो गेट हाय गेट!"

मला इतका आनंद झाला की मी त्या डेकोरेशनवाल्यावर ओरडायचंही विसरले.

शेलारला निरोप गेला. यमुनाबाईनं उत्तर पाठवलं ते तिला शोभणारं होतं. नातीच्या मांडवात कमान नको, आंब्याचे टहाळे लावा, आजीनंच हळद लावावी. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजले तर मग पुन्हा कुणाच्याच हळदीला तिनं बसू नये, आणि हे सगळ्यांसमोर ठरलेलं असावं. चांगुणाबायनं मला न विचारता "हो" म्हणून टाकलं.

माझं धाबं दणाणलं. चाचणीत हळद निर्दोष ठरली होती, पण चाचणीही क्वचित फसते. मी जमेल तेवढी सगळी काळजी घेतली. तिच्या मुलाकडून घराभोवतीचं गवत हातमोजे घातलेल्या माणसांकरवी उपटून घेतलं आणि पुरायला लावलं, धूरही बाधतो म्हणून जाळू दिलं नाही. तिला सांगितलं, बसण्याआधी पापण्यांना आणि गळ्याला व्हॅसलिनचा पातळ थर, पंखा पाठीमागे, आणि घरी गेल्यावर अंघोळ करून कपडे बदल.

हळदीला मी गेले. पहिला हात चांगुणाबायचा लागला. तिचा आवाज ऐकल्यावर मला कळलं की मी इतके दिवस तिच्या फक्त पापण्या बघत होते. तो आवाज मांडवातल्या खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत विनामाइक पोचत होता. नात रडत होती, वंदना रडत होती. समोर उष्टी हळद घेऊन आलेली यमुनाबाई हाताची घडी घालून बसली होती आणि हळदीकडे नाही, चांगुणाबायच्या डोळ्यांकडे बघत होती. मीही तेच करत होते.

ही गोष्ट लगेच कळत नाही हा आमच्या धंद्यातला शाप आहे. लाली यायला एक-दोन दिवस लागतात. "लग्न उरकलं की तिसऱ्या दिवशी सकाळी ये," असं मी तिला बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली नाही. दुपार झाली. वंदनाचा फोन लागेना. मी दोन पेशंटना एकच प्रश्न दोनदा विचारला. ती घरात तोंड झाकून बसली असेल, आता कुठल्या तोंडानं डॉक्टरकडे जाऊ म्हणत असेल, असं काहीबाही डोक्यात येत राहिलं. संध्याकाळी लाइट गेली, लूम थांबले, आणि त्या शांततेत जिन्यावर पावलं वाजली.

यमुनाबाई होती. एकटी.

"चांगुणाबाय कुठे आहे?" मी उभीच राहिले.

"ती? ती आमचे शेलारला हाय. माजे जावेच्या पोराची हलद हाय आज, सकालपासना तिथंच बसलीय."

"डोळे?"

"डोल्याना काय झालंय? सगल्यावर ध्यान हाय तिचा. मना बोलली, मना टाइम नाय, तूच जा नि सांग डाक्टरनीला."

मी खुर्चीत बसले. पेशंट आला नाही म्हणून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी हसत सुटले, आणि यमुनाबाईच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदा काहीतरी हललं.

निरोप देऊन झाला तरी ती उठेना. दरवाज्याकडे बघून म्हणाली, "तो जरा लोट ना."

मी दार लोटलं. मेणबत्तीच्या उजेडात तिनं एक पाय स्टुलावर ठेवला आणि साडी घोट्यापासून वर घेतली. जुना, काळवंडलेला, चामड्यासारखा जाड झालेला इसब, पोटरीच्या मध्यापर्यंत. खाजवून खाजवून पडलेल्या चिरा.

"धाकटा झाला तवापासना हाय," ती म्हणाली. "ह्याचेसाठी गुडघ्यापर्यंतचं लुगडं सोरला मी, गोल सारी नेसाय लागले. लोकं बोलली, यमुना शहरातली झाली. नवऱ्यानं बी कवा उजेडान नाय बघितला."

"कुणाला दाखवलं नाही?" मी हातमोजे चढवत विचारलं.

"कोनाला दावू? मना वाटं, माजा लागंल पोरांना. मंग चांगुणाबायचा तोंड बघितला." ती थांबली. "म्हनून बोलले मी. ती येल, पोरीला हात लावंल, नि पोरगी माजे घरान येल. माजे घरान आधीच मी एक हाय ना." तिनं माझ्याकडे पाहिलं. "लागतं का गो ह्यो?"

मी हातमोजे काढून ठेवले आणि तिच्या पोटरीवर उघडा हात ठेवला.

"नाही लागत. कुणालाच नाही लागत."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग दुसरा पायही स्टुलावर ठेवला आणि साडी वर घेतली.